पाकणीच्या नळीतून मागे

पहाटेचे साडेपाच. सोलापूर-पुणे हायवेवर पाकणीच्या डेपोबाहेर टँकरची रांग लागली आहे. क्लीनर पोरगं चाकाखाली दगड सरकवतंय, ड्रायव्हर चहाचा ग्लास धरून तुमच्याकडे बघतो.

"काय ओ, कुठं निघालाव एवढ्या पहाटे?"

"समुद्रावर."

"उजनीला व्हय?" म्हणून तो हसतो.

हसेलच. मुंबई इथून सुमारे चारशे किलोमीटर. पण त्याच्या टँकरमध्ये आता पडणारं डिझेल रस्त्यानं आलेलं नाही. हिंदुस्थान पेट्रोलियमची 508 किलोमीटरची जमिनीखालची पाइपलाइन ट्रॉम्बेहून लोणीमार्गे पाकणीला पोचते. ट्रॉम्बेत शुद्ध होणारं सगळंच तेल आपल्या समुद्रातलं नसतं, आखातातलंही असतं. तरी त्यातला एक धागा उरणमार्गे थेट अरबी समुद्राच्या तळाशी जातो. तुम्ही आज त्याच नळीतून उलटे निघाला आहात. भीमा मागे पडते, घाट उतरतो, ट्रॉम्बेच्या टाक्या जातात, मग डोक्यावर खारं पाणी येतं आणि वर्षं मागे सरकू लागतात.

पाय टेकतात ते लोखंडी जाळीवर. फेब्रुवारी 1974. जाळीच्या फटींतून खाली हिरवट पाणी दिसतं, साधारण पंचाहत्तर मीटर खोल. किनारा कुठेच नाही, मुंबई दीडशे किलोमीटरच्याही पलीकडे. ही 'सागर सम्राट', जपानमध्ये बांधलेली, पाय समुद्रतळावर रोवून उभी राहणारी रिग. 31 जानेवारीला तिनं भोक पाडायला सुरुवात केली. चिखलाचे पंप धडधडताहेत, एकमेकांशी बोलायला ओरडावं लागतंय. आणि या महिन्यात खालून जे वर येतं, त्याच्या वासानं सगळ्यांचे चेहरे बदलतात. तेल लागलं!

तुम्हाला इथे उभं राहून समुद्राची काळजी वाटेल? मला नसती वाटली. त्या घडीला सोलापूर बहात्तरच्या दुष्काळातून नुकतं उठतंय. रेशनच्या मिलो ज्वारीची चव अजून तोंडात आहे. मागच्या ऑक्टोबरातल्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव चौपट झालेत. पाच वर्षांपूर्वी, जानेवारी 1969 मध्ये, कॅलिफोर्नियात सँटा बार्बराच्या समुद्रात तेलविहीर फुटली आणि अमेरिकेतल्या पर्यावरण चळवळीनं तिथून मोठी उचल खाल्ली. आपल्याकडे मात्र रिग म्हणजे देशाचा अभिमान. 2015 साली एक रुपयाची नोट पुन्हा छापली तेव्हाही तिच्या पाठीवर हीच सागर सम्राट होती. लग्नाच्या आहेरात शंभरावर जो एक ठेवता, ती नोट उलटून बघा.

निघण्याआधी ड्रिलच्या वाटेनं थोडं खाली उतरा. चुनखडीचे थर लागतात, त्यातच तेल मुरलेलं आहे. त्याखाली जुना शेलचा गाळ. आणि सगळ्याच्या तळाला काळा बेसॉल्ट, दख्खनच्या लाव्ह्याचा. मोहोळ-बार्शीकडे विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो, तोच हा पाषाण. आपण समजतो तेवढे सोलापूरकर या समुद्राला परके नाहीत.

पुढची काही वर्षं भरभर जाऊ द्या. मे 1976 ला मुंबई हाय नावाच्या या तेलक्षेत्रातून उत्पादन सुरू होतं, 1985 मध्ये दिवसाला 4 लाख 71 हजार पिंपांचा उच्चांक गाठला जातो. मधल्या काळात, 1981 ला, इंदिरा गांधी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहितात: भरतीच्या रेषेपासून 500 मीटरच्या आत बांधकाम नको. त्यातूनच फेब्रुवारी 1991 ची किनारपट्टी नियमनाची, म्हणजे सीआरझेड अधिसूचना येते. चांगला नियम आहे. पण त्याची नजर जमिनीकडून येणाऱ्या धोक्यावर. तेल पाण्याकडून येतं.

17 मे 1993. मुंबई हायहून उरणकडे तेल आणणारी समुद्राखालची मुख्य नळी फुटते. तटरक्षक दलाच्या यादीत या घटनेपुढे 6,000 टन असा आकडा आहे. काही नोंदी त्याच्या निम्माच सांगतात. तेल धरतं कोकणातल्या मुरूडची वाट.

तुम्ही मुरूडच्या वाळूत उभे आहात. मे संपत आलाय. पावसाळ्याची बेगमी म्हणून मासळी वाळवायचे हे दिवस. वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे फिरलेला, म्हणजे समुद्रात जे सुटेल ते इकडेच येणार. आधी वास येतो, पेट्रोल पंपावरचा, पण शिळा. हलका भाग पहिल्या एक-दोन दिवसांत उडून जातो. उरलेलं लाटांत घुसळून पाण्याशी मिसळतं, तपकिरी होतं, घट्ट होतं. तुम्ही वाकून एक गोळा उचलता. बाहेरून वाळू, आत पाकासारखा चिकट. बोटांना लागला की साबणानं हलत नाही.

"तिथं पाय नका ठेवू, दादा," जाळं ओढून घेणारी एक बाई म्हणते. "रॉकेलशिवाय निघायचं नाय ते."

जाळ्याचं काय, हे तुम्ही विचारत नाही. नायलॉनच्या प्रत्येक गाठीत तेल बसलेलं दिसतंय. मासळी मेलेली असो की जिवंत, तिला वास लागला म्हणजे बाजारात किंमत शून्य. रसायन फवारून तवंग फोडता येतो. पण त्यानं तेल नाहीसं होत नाही, बारीक थेंब होऊन खाली जातं. वरून पाणी स्वच्छ, आणि खाली माशांच्या अंड्यांच्या वाट्याला तेल. छायाचित्रासाठी उत्तम उपाय, असं माझं मत. तेलगळतीसाठी राष्ट्रीय आपत्ती आराखडा मंजूर झाला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. मुरूडनंतर सहा महिन्यांनी.

तारीख बदला. 27 जुलै 2005. मुंबई आदल्या दिवशीच्या पावसात बुडालेली आहे, म्हणून समुद्रात काय घडतंय याकडे कुणाचं लक्ष नाही. तुम्ही मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर, दुपारी चारच्या सुमारास. शेजारी आलेल्या 'समुद्र सुरक्षा' या जहाजावर स्वयंपाक्याची बोटं कापली आहेत. हवा खराब, हेलिकॉप्टर येऊ शकत नाही. त्याला टोपलीत बसवून प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरतं. जहाज वाऱ्याच्या बाजूनं जवळ येतं. एक लाट त्याला उचलते, आणि त्याचा हेलिपॅड समुद्रतळ आणि प्लॅटफॉर्म जोडणाऱ्या वायूच्या उभ्या नळीवर, रायझरवर आदळतो. वायू सुटतो, पेटतो. दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म पाण्याखाली जातो.

प्लॅटफॉर्मभोवती 500 मीटरचं सुरक्षा-वर्तुळ असतं, परक्या जहाजानं आत यायचं नसतं. इथे धडकलं ते घरचं जहाज, एका माणसाच्या मलमपट्टीसाठी आलेलं. 22 जण गेले, 362 वाचले. जळत्या जहाजावर सहा पाणबुडे दाबाच्या बंद कोठडीत होते. खोल पाण्यात काम करणाऱ्यांना एकदम बाहेर काढता येत नाही, रक्तात वायूचे बुडबुडे होऊन माणूस मरतो. बाकीचे उड्या मारत होते तेव्हा हे सहा जण आतच बसून राहिले. छत्तीस तासांनी सुटले. तुम्ही त्या कोठडीच्या काचेला हात लावून बघा आणि पुढे चला.

2016 ला क्षणभर थांबू. ऑगस्ट 2011 मध्ये मुंबईपासून वीस सागरी मैलांवर 'एमव्ही राक' हे कोळशाचं जहाज 60 हजार टन माल घेऊन बुडालं, त्याचं इंधन किनाऱ्याला लागलं. बारा मैलांपलीकडे आमचा कायदा चालतो का, हा वाद. हरित न्यायाधिकरणानं 2016 ला सांगितलं, चालतो, आणि जहाजवाल्यांना 100 कोटी भरपाई लावली. किनाऱ्यापासून लांब घडलं म्हणून हात झटकता येणार नाहीत, हे इतक्या स्पष्टपणे लिहिलं जायला एवढी वर्षं लागली.

17 मे 2021. तारीख मुरूडचीच, साल वेगळं. तौक्ते वादळ आणि हिरा तेलक्षेत्राजवळची पी-305 ही राहण्याची बार्ज. तिला स्वतःचं इंजिन नाही. नांगर सुटतात, ती तेलाच्या एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मला धडकते, संध्याकाळी बुडते. 261 माणसं, बहुतेक वेल्डर, फिटर, मदतनीस. तुम्ही लाइफ जॅकेट घालून त्यांच्याबरोबर काळ्या पाण्यात आहात, तोंडात खारं पाणी आणि डिझेल, शेजारच्याचा हात धरलेला. नौदलाची 'आयएनएस कोची' येते. 186 जण वाचतात. हवामान खात्याचा इशारा काही दिवस आधी आलेला होता. बार्ज प्लॅटफॉर्मजवळच राहिली.

आज. जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायचं घटतं उत्पादन सावरण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक भागीदार नेमलं आहे. दहा वर्षांत उत्पादन वाढवायचं आहे. मला यात रिग उखडा असं ओरडायची घाई नाही. पाकणीच्या रांगेत उभं राहून ते बोलणं शोभतही नाही. पण या नळीतून जाऊन आल्यावर दिसतं ते असं की वाटेत पाहिलेला समुद्राचा घात विहिरी फुटून झालेला नाही. जुनी नळी, वाऱ्याच्या बाजूनं आणलेलं जहाज आणि हलवायला उशीर केलेली बार्ज, हे आपले अपघात. आणि तिन्ही मेच्या मध्यापासून जुलैपर्यंतचे.

याच काळातल्या दोन महिन्यांसाठी सरकार मच्छीमाराला साफ सांगतं: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होडी किनाऱ्याला. माशांच्या विणीचा काळ आणि वादळाचा धोका, दोन्ही कारणं खरी. नाखवा कुरकुरतो, पण पाळतो. पालघर-डहाणूच्या मच्छीमारांना तर तेलासाठीच्या भूकंपीय सर्वेक्षणाच्या वेळी भर हंगामातही जाळी आवरून घ्यावी लागतात. तेलक्षेत्रातल्या बिनइंजिनाच्या बार्जला असं तारखेचं बंधन का नसावं? 15 मेनंतर माणसं झोपवणारी एकही बार्ज खुल्या समुद्रात ठेवायची नाही, आणि प्रत्येक जुन्या नळीची तपासणी कधी झाली हे मुरूडच्या मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर मराठीत लावायचं. दोन्हीचा खर्च फार नाही. डिझेलच्या दरात तो पाकणीलाही वसूल करा, चालेल.