वत्सगुल्म ते कारंजा : शब्द शिकवण्याची जुनी रीत

प्रतिशब्द आणि कोडी यांतून शब्दार्थ उलगडण्याच्या परंपरेचे धागे वाशीम जिल्ह्यात दोन ठिकाणी सापडतात. एक वाकाटक राजघराण्याचे वत्सगुल्म आणि दुसरे जैन भट्टारकांचे, म्हणजे मठाधिपतींचे, कारंजा.

वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. चौथ्या शतकात सर्वसेनाने वाकाटकांची एक शाखा येथे स्थापली. राजा स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नसले, तरी काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने त्याची दखल घेतली आहे. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचा वाशीम ताम्रपट १९३९ साली उजेडात आला. त्याचा आरंभ संस्कृतात असून पुढचा मजकूर प्राकृतात आहे. अशा दरबारात एका वस्तूची दोन नावे ही रोजचीच बाब असणार. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले, तेही वत्सगुल्मातच. शब्द आणि अर्थ हे या काव्यपुरुषाचे शरीर, तर प्रश्नोत्तरे आणि कोडी हा त्याचा वाणीचा खेळ, अशी तेथे कल्पना आहे.

पाठशाळांत मात्र खेळापेक्षा पाठांतर मोठे. ‘अमरकोश’ या संस्कृत समानार्थी शब्दांच्या कोशाची तीन कांडे मुखोद्गत झाल्याशिवाय विद्यार्थी काव्याकडे वळत नसे. यातून वाट काढली ती दिगंबर जैन कवी धनंजयाने. त्याची ‘नाममाला’ अवघी दोनशेच्या आसपास श्लोकांची. पृथ्वीची नावे सांगून झाली की धनंजय नियम देतो : यांपुढे ‘धर’ लावा, पर्वत होतो, ‘पती’ लावा, राजा, ‘रुह’ लावा, झाड. भूधर, महीधर, भूपती, महीपती, भूरुह, महीरुह. पाण्याच्या नावांचेही तसेच. ‘त्यात जन्मलेले’ म्हटले की जलज, अंबुज, नीरज ही कमळे. ‘देणारा’ म्हटले की जलद, अंबुद, नीरद हे मेघ. नियम जरा सढळ आहे. त्यातून निघालेला प्रत्येक शब्द रूढ असतोच असे नाही. पण मूल शब्द नुसते साठवत नाही, घडवते. याच धनंजयाच्या ‘द्विसंधान’ काव्यात तेच श्लोक एकदा रामकथा सांगतात, एकदा पांडवकथा. प्रतिशब्द आणि श्लेष यांवर हुकमत असल्याखेरीज हे जमत नाही.

धनंजय ज्या दिगंबर परंपरेतला, तिच्या विद्येचे विदर्भातील मोठे केंद्र म्हणजे कारंजा. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर शाखांच्या मंदिरांत हस्तलिखिते जतन झाली. रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीमुळे ती अभ्यासकांना कळली आणि पुढे हिरालाल जैन यांनी त्यांतील अपभ्रंश ग्रंथ संपादित केले. १९१८ साली येथेच महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल सुरू झाले.

आजच्या पाठ्यपुस्तकांत समानार्थी शब्द जोड्यांनी येतात आणि जोड्यांनीच पाठ होतात. धनंजयाची युक्ती त्याहून सरस आहे. जलज, जलद, जलधी हे शब्द मराठीतही रुळलेले असल्याने ती मराठीच्या वर्गात जशीच्या तशी वापरता येते.