लाखेची तबकडी

करवीर संस्थानातील ग्रंथप्रेम जुने. १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर त्याची साक्ष देते. गाण्याचा शौक मात्र दरबाराच्या आश्रयाने वाढला आणि शाहू छत्रपतींच्या पदरी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीने कोल्हापूरचा लौकिक दिगंत पसरला. आजही जुन्या बाजारात, पिवळ्या पानांच्या पुस्तकांशेजारी, लाखेची तबकडी दिसली की सदऱ्याच्या बाहीने तिच्यावरची धूळ पुसून, मिनिटाला ७८ फेरे घेत जेमतेम ३ मिनिटांत संपणाऱ्या त्या स्वरासाठी रसिक खिसा हलका करतो. खाँसाहेबांचा स्वर तबकडीवर कधी उतरलाच नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी मात्र १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. गतकाळाची ओढ म्हणतात ती हीच: हाती लागते तबकडी आणि शोध चालू राहतो तो तिच्यावर न उमटलेल्या स्वराचा.