वर्ध्याची काळी: खडक एक, माती निराळी

आपल्याकडे जुन्या काळी गावाचे दोन भाग मानत. वस्तीची ती पांढरी आणि शेतीची ती काळी. आज आपण या काळीचा इतिहास पाहू.

१८६२ साली नागपूरपासून वेगळा होऊन वर्धा जिल्हा झाला. हिंगणघाटच्या कापसाला तेव्हा विलायतेच्या बाजारात नाव होते. साहजिकच इंग्रज अभ्यासकांना प्रश्न पडला, ही काळी माती आली कुठून? कोणी म्हणे, जुन्या पाण्याखालचा गाळ. कोणी म्हणे, खालचा काळा खडक झिजून झाली. इथल्यापुरते दुसरे मत बव्हंशी खरे ठरले. पण कोडे तिथे सुटत नाही.

बघा, वर्ध्याच्या बहुतेक शेतांखाली जो बेसॉल्ट आहे, तोच महाबळेश्वराखाली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मग तिकडे तांबडा जांभा आणि इकडे काळी चिकण माती, असे का? आम्ही मूळचे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. न्यायशास्त्रातला घटाचा दृष्टान्त आम्हांला आठवतो. नुसत्या मातीने घट होत नाही, कुंभार लागतो. इथला कुंभार म्हणजे हवामान.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. असे पाणी दीर्घकाळ मुरत राहिले की खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिकासुद्धा धुऊन जाते. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे. वर्ध्याला पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही मुख्यतः चार महिन्यांत. मग लांबलचक कोरडे दिवस. इथे धुणे अर्धवटच राहते. सिलिका, मॅग्नेशियम जागीच उरून स्मेक्टाइट नावाचे खनिज बनते. ते पाणी पिऊन फुगते, वाळले की आकसते. म्हणून मे महिन्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा. आणि म्हणूनच पावसाने ओढ दिली तरी कापूस तग धरतो. काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय द्रव्य, असे मात्र समजू नका बरं का. ते या मातीत कमीच असते.

१८८३ साली रशियात दोकुचायेव यांनी तिथल्या काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला आणि हवामानाचा हा वाटा शास्त्रात पक्का केला. पुढे नागपूरच्या मृदाशास्त्रज्ञांनी आणखी एक पान जोडले. त्यांचे म्हणणे असे की, एवढे स्मेक्टाइट आजच्या कोरडेपणात बनणार नाही. ते पूर्वीच्या अधिक ओल्या काळाचे. आजच्या हवामानाची खूण म्हणजे मातीत साचत जाणारा चुना. कॅल्शियम त्यात अडकले की सोडियमचा जोर वाढतो, निचरा बिघडतो. पूर्णेच्या खोऱ्यात हे दिसतेच आहे.

म्हणजे काय, तर काळी ही पूर्ण होऊन आपल्या हाती आलेली वस्तू नव्हे. ती अजून घडते आहे, आणि बिघडूही शकते. वीतभर माती व्हायला शेकडो पिढ्या लागतात. उताराच्या उघड्या शेतातून ती थोड्या पावसाळ्यांत वाहून जाते. मग उरते ती बरड. बांध घालणे, उताराला आडवी पेरणी करणे, हे म्हणूनच आपल्या इतिहासाचेही रक्षण आहे.

इथे थांबू. आता आपले प्रश्न घेऊ.