ओव्हरक्लॉकिंगसाठी प्रोसेसर घेताय? इतवारीच्या उन्हाचाही हिशेब करा

दहावी-बारावीचा निकाल लागला की घराघरांत मुलांची फर्माइश ठरलेली असते, कॉम्प्युटर. त्यातही व्हिडिओ पाहून तयार झालेला मुलगा असेल तर थेट म्हणतो, "अब्बू, के वाला प्रोसेसर घ्या, ओव्हरक्लॉक करता येतो." इतवारीत खाली दुकान आणि वर घर असलेल्या कुटुंबात त्याच कॉम्प्युटरवर दिवसा दुकानाचा हिशेब आणि जीएसटीचं काम होतं, रात्री गेम चालतो. म्हणून हा विषय फक्त हौसेचा राहत नाही.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने चालवणं. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए यासाठीच गाजला. ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्त प्रोसेसर अनेकांकडे ४५० वर चालायचा. तो जमाना आता गेला. आजचे प्रोसेसर टर्बोमुळे कारखान्यातूनच आपल्या मर्यादेजवळ चालत येतात. हाताने वाढवून मिळतो तो फायदा बहुतेक वेळा थोडाच.

तरी घ्यायचाच असेल तर आधी नावाच्या शेवटचं अक्षर वाचा. इंटेलमध्ये ज्याच्या शेवटी 'के' किंवा 'केएफ' असतं त्याचा मल्टिप्लायर खुला असतो. 'केएफ'मध्ये ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड लागतंच. सोबत मदरबोर्ड 'झेड' मालिकेचा हवा. इथेच गिऱ्हाईक फसतं. प्रोसेसर 'के'चा आणि बोर्ड स्वस्तातला 'एच' किंवा 'बी' मालिकेचा, असा सेट दिला जातो. मग मल्टिप्लायर वाढवताच येत नाही आणि वरचे पैसे वाया.

एएमडीच्या रायझनचे जवळपास सगळे डेस्कटॉप प्रोसेसर खुले असतात आणि 'बी' मालिकेचा बोर्डही चालतो. फक्त ए३२०, ए५२० आणि ए६२० हे बोर्ड टाळा. ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी यांचा मल्टिप्लायर बंद आहे, ९८००एक्स३डीचा खुला.

आता आपल्या गावची गोष्ट. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या वर जातो. समजा, पूर्ण कामाला लागलेला प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा ५० अंश जास्त तापतो. खोली २५ अंशांवर असेल तर तो ७५ला राहील. दुपारी वरच्या मजल्यावरची खोली ४० अंशांवर गेली की तो ९०ला पोचतो. रायझन ७००० मालिकेची मर्यादा ९५ अंश आहे, म्हणजे उरलं काय? त्यात वेग १० टक्के आणि व्होल्टेजही १० टक्के वाढवलं तर वीज साधारण ३३ टक्के जास्त लागते, कारण व्होल्टेजचा परिणाम वर्गाने होतो. ती सगळी वीज उष्णता बनूनच बाहेर पडते. म्हणून डिसेंबरात घेतलेली टेस्ट आम्ही टेस्ट मानत नाही. ओसीसीटी किंवा प्राइम९५ लावायचं तर भर दुपारी लावा.

आणखी एक. कॅबिनेट घराच्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. गार वाटलं तरी ती हवा दमट असते, पाण्याचे थेंबही उडतात.

जुना माल घेताना जास्त सांभाळा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते अस्थिर होत होते. इंटेलने हे २०२४ साली मान्य केलं, ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण एकदा खराब झालेला चिप अपडेटने बरा होत नाही. अशा चिपचं बिल नसेल तर घेऊच नका.

आमचं मत विचाराल तर घरासाठी रायझन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड घ्यावा. ६५ वॅटचा आहे, साधा कूलर डब्यातच मिळतो, पण ओव्हरक्लॉक करायचं तर चांगला टॉवर कूलर वेगळा घ्या. हात आखडता असेल तर रायझन ५ ५६०० आणि बी५५०. इंटेलच हवा तर आय५-१२६००के बरा. १२व्या पिढीला वरचा दोष नाही. मात्र तो १२५ वॅटचा आहे आणि डब्यात कूलर नसतो, तो खर्च धरूनच भाव करा.

मुलाला हेही सांगा की वेग वाढवण्याऐवजी व्होल्टेज थोडं कमी करून पाहता येतं. रायझनमध्ये त्यासाठी कर्व्ह ऑप्टिमायझर आहे. चिप थंड राहिला की टर्बो जास्त वेळ टिकतो. उन्हाळ्यात आपल्याकडे हेच जास्त कामाचं.

अस्थिर ओव्हरक्लॉकमुळे मशीन नुसतं बंद पडत नाही, फाइलही बिघडू शकते. म्हणून दुकानाच्या हिशेबाची कॉपी आधी पेनड्राइव्हवर घ्या, मगच बायॉसला हात लावू द्या. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरलं जात नाही. आणि पैसे देण्याआधी बिलावर प्रोसेसर आणि बोर्ड दोन्हींचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, लिहून घ्या.