जाहिरातींतील ओळखीचे चेहरे

आपल्या छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत, गुलमंडीचा दुकानदार नवी वस्तु दाखवितांना प्रथम एखाद्या परिचिताचें नांव घेतो. अमक्यांनीं कालच नेली, म्हणतो. जाहिरातीचा व्यवहारहि असाच आहे. अनोळखी मालासाठीं ओळखीची साक्ष काढावी लागते. प्रश्न इतकाच कीं, लाखो लोकांना सारखीच ओळख असते तरी कोणाची?

दादासाहेब फाळके यांनीं ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' दाखविला, तेव्हां ती ओळख पुराणांची होती. पडद्यावरचा राजा राज्य कां सोडतो, हें कीर्तनें ऐकलेल्या प्रेक्षकाला फारसें समजावून सांगावें लागलें नाहीं. पुढें तीस वर्षें लोटण्यापूर्वींच चित्रपट स्वतः पुराणाच्या जागीं येऊन बसला.

लीला चिटणीस यांचेंच पाहा. १९३७ च्या 'जंटलमन डाकू'च्या प्रसिद्धींत त्या महाराष्ट्रांतील पदवीधर, प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्री म्हणून पुढें आल्या. चित्रपटाला त्यांच्या पदवीचा आधार हवा होता. 'कंगन' व 'बंधन' गाजले, आणि १९४१ सालीं लक्स साबणाच्या जाहिरातींत भारतीय तारका म्हणून पहिला चेहरा झळकला तो त्यांचा. साबणाला आधार हवा होता तो पदवीचा नव्हे, पडद्यावरील कीर्तीचा.

तथापि रूपवतीनें साबण विकावा यांत नवल तें काय! खरें नवल पुढेंच आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजीं 'शोले' प्रदर्शित झाला, आणि त्यांतील गब्बरसिंग, अर्थात् अमजद खान, ब्रिटानियाच्या ग्लुकोज-डी बिस्किटांच्या जाहिरातींत दिसूं लागला. ज्याच्या नांवाच्या धाकानें मुलांना निजवावें, त्या दरोडेखोरानें मुलांचा खाऊ विकावा! चित्रपटाची वार्ताहि नसलेल्याला हें सारें वेडगळ वाटावें. जाणत्याला मात्र हंसूं येई, कारण गब्बरची भीति तो घरूनच बरोबर घेऊन आलेला असे. शिवाय त्या चित्रपटाचे संवाद ध्वनिमुद्रिकांवर निघाले होते. ज्यांच्यापाशीं तिकिटाला पैसे नव्हते त्यांच्याहि कानीं ते पडले. दखनी बोलीची संवय असलेल्या आमच्या शहराला तर त्यांचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाहीं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. प्रेक्षकानें पदरचे पैसे खर्चून जी स्मृति सांठविली, तिच्याच जोरावर त्याला पुनः माल विकला जातो, आणि तो तक्रार न करतां हंसतो. मीहि हंसलों होतों. आणि बिस्किटेंहि आणलीं होतीं.