जैनेमिस

क्रिटेशस कल्पाच्या अखेरीस (सु. ७ कोटी वर्षांपूर्वी) विदर्भात राहणारे, गोड्या पाण्यातील एक निर्वंश कासव. शास्त्रीय नाव जैनेमिस पिसदुरेन्सिस. सरीसृप वर्गातील कासवांच्या पार्श्वग्रीव गटात त्याचा समावेश होतो. या गटातील कासवे मान सरळ मागे ओढून न घेता आडवी वळवून कवचाच्या कडेखाली दडवतात व त्यांची श्रोणी (कमरेची हाडे) कवचाशी सांधलेली असते. भारतात आज आढळणारी सर्व कासवे मान सरळ मागे घेणारी आहेत. त्यामुळे या जीवाश्माचे आप्त कोण, हा प्रश्न भारतीय भूमीच्या इतिहासाशी निगडित आहे.

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅपच्या लाव्हा थरांनी झाकलेला आहे. जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील वर्धा नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोडा तालुक्यात लाव्हाखालील लामेटा शैलसमूहाचे थर उघडे पडलेले आहेत. त्यांतील पिसदुरा व डोंगरगाव ही गावे जीवाश्मांसाठी प्रसिद्ध आहेत. नागपूर येथील मिशनरी रेव्ह. स्टीव्हन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या परिसराचे भूवैज्ञानिक संशोधन केले. पिसदुरा येथील शेपटीच्या मणक्यांवरून रिचर्ड लिडेकर यांनी १८७९ मध्ये टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी या प्रचंड डायनोसॉराचे वर्णन केले. येथे विष्ठाश्मही (विष्ठेचे जीवाश्म) विपुल सापडतात व त्यांत गवताचे सूक्ष्म सिकतामय कण असल्याचे २००५ मध्ये दाखविण्यात आले. मासे व गोड्या पाण्यातील गोगलगाई यांच्या अवशेषांवरून येथे त्या काळी तळी व संथ प्रवाह असावेत, असे दिसते.

या कासवाची कवटी प्रथम कलकत्ता येथील भारतीय सांख्यिकी संस्थेतील एस्. एल्. जैन यांनी १९७७ मध्ये वर्णन केली व त्यास कार्टेरेमिस पिसदुरेन्सिस हे नाव दिले. कार्टेरेमिस हा वंश मुंबईतील वरळी येथे लाव्हा थरांच्या दरम्यानच्या गाळात मिळालेल्या कासवावरून आला होता. त्या कासवाचे वर्णन हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ मध्ये केले. ते पार्श्वग्रीव कासवांच्या दक्षिण अमेरिकेतील व ऑस्ट्रेलियातील कुलापैकी नाही, हे अर्नेस्ट विल्यम्स यांनी १९५३ मध्ये दाखविले व कार्टर यांच्या नावावरून नवा वंश स्थापिला.

पुढे डोंगरगाव येथेही कासवांचे अवशेष मिळाले. भारतातील अशा सर्व जीवाश्मांचा आढावा घेऊन जैन यांनी १९८६ मध्ये पिसदुऱ्याची जाती श्वेबोएमिस या वंशात घातली. हा वंश ब्रह्मदेशातील (म्यानमारमधील) श्वेबो या ठिकाणावरून ओळखला जातो व त्याच्या कुलातील कासवे आज दक्षिण अमेरिका व मादागास्कर येथे आढळतात. वॉल्टर जॉइस व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी कवटीची फेरतपासणी करून २०२० मध्ये हा निर्णय बदलला. कवटीच्या रचनेवरून ही जाती बोथ्रेमिडिडी या पूर्णपणे निर्वंश झालेल्या कुलातील ठरली आणि जैन यांच्या गौरवार्थ तिच्यासाठी जैनेमिस हा वंश निर्माण करण्यात आला.

या बदलाचे महत्त्व केवळ नामकरणापुरते नाही. तमिळनाडूतील कुर्माडेमिस (२००१) व मुंबईतील सांकुकेमिस (२००३) ही जैनेमिसची निकटची आप्त होत. त्यांच्याच गटातील किंकोनिकेलिस (२००९) हे कासव मादागास्करमधील क्रिटेशस कल्पाच्या अखेरच्या थरांत मिळाले आहे. भारत व मादागास्कर ही भूमी सु. ८·८ कोटी वर्षांपूर्वी विलग झाली. म्हणजे ही कासवे जगत होती तेव्हा दोन्ही भूमींमध्ये समुद्र पसरलेला होता. त्यांचे साम्य विभाजनापूर्वीच्या समान वारशाने समजू शकते. दक्षिण ट्रॅपचे मुख्य लाव्हा प्रवाह पसरू लागण्यापूर्वी विदर्भाच्या तळ्यांतील जीवसृष्टी गोंडवनभूमीशी आपले नाते टिकवून होती, याची साक्ष हे छोटे कासव देते.