यंत्रबुद्धीची विद्वन्मंडळे व त्यांचे सभासद : मुंबई ते अक्कलकुवा

विद्वन्मंडळाचा इतिहास पाहावयाचा तर त्याच्या उद्देशपत्रिकेपेक्षा त्याच्या सभासदांची यादी अधिक बोलकी असते. उद्देश बहुधा व्यापकच लिहिलेले असतात. प्रत्यक्षात ज्ञानाच्या कामी कोणास भागीदार मानले गेले, हे यादीवरून कळते. महाराष्ट्रात या दृष्टीने पाहण्यासारखे उदाहरण इतिहाससंशोधनाचे आहे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी स्थापन केले. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास निवर्तले आणि अवघ्या नऊ दिवसांनी, ९ जानेवारी १९२७ रोजी, तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याचे 'संशोधक' हे नियतकालिकही निघू लागले. अशा मंडळांचे बळ पदवीधरांत तितकेसे नव्हते. ज्याच्या घरी दप्तर आहे, जो ते दाखवावयास राजी आहे, ज्यास मोडी वाचता येते, अशा माणसांवाचून त्यांचे पाऊल पुढे पडले नसते. साधन देणारा व साधन वापरणारा यांच्यामध्ये तेथे भिंत नव्हती.

अक्कलकुवा तालुका १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत याच धुळे जिल्ह्यात मोडत होता. यंत्रबुद्धीच्या, म्हणजे ज्यास आज सर्रास कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात त्या विषयाच्या, विद्वन्मंडळांना या तालुक्याचा विचार आज का करावा लागतो, हे समजण्यास त्या मंडळांची घडण आधी पाहिली पाहिजे.

या विषयास नाव मिळाले ते १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात भरलेल्या बैठकीच्या निमित्ताने. ब्रिटनमधील अभ्यासकांनी १९६४ मध्ये आपली संघटना बांधली. आंतरराष्ट्रीय परिषदांची मालिका १९६९ मध्ये वॉशिंग्टन येथे सुरू झाली. आणि १९७९ मध्ये अमेरिकन असोसिएशन फॉर आर्टिफिशियल इंटेलिजन्स ही संस्था निघाली. ॲलन न्यूएल हे तिचे पहिले अध्यक्ष. वर्गणी भरणारे सभासद, १९८० पासून परिषद व नियतकालिक, १९९० पासून निवडक सभासदांस सन्मान्य पद, असा तिचा ठरीव साचा होता. १९८७ ते १९८९ या काळात तिचे अध्यक्षपद आंध्रात जन्मलेल्या राज रेड्डी यांच्याकडे होते. २००७ मध्ये तिने नावातील 'अमेरिकन' हा शब्द काढून टाकला. सभासद देशोदेशींचे झाल्यावर नाव बदलावे लागले, ही गोष्ट लहान असली तरी अर्थपूर्ण आहे.

भारतात मात्र हा क्रम निराळा. येथे आधी यंत्र आले आणि मंडळ त्याभोवती जमले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले गणकयंत्र १९६० मध्ये पूर्णपणे चालू झाले. त्यास 'टिफ्रॅक' हे नाव १९६२ मध्ये मिळाले. नरसिंहन पुढे काही काळ इलिनॉय विद्यापीठात होते व तेथे त्यांनी यंत्राकडून चित्रे 'वाचवून' घेण्याच्या प्रश्नावर काम केले. हा प्रश्न यंत्रबुद्धीच्या गाभ्यातलाच. १९६५ मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. म्हणजे देशातील संगणकज्ञांच्या पहिल्या मोठ्या मंडळाचा पहिला अध्यक्ष हा भाषा व आकलन यांचा चिंतक होता. पण मंडळ मात्र व्यवसायाचे झाले. शहरोशहरी शाखा, अभियांत्रिकी महाविद्यालयांतून विद्यार्थिशाखा, परिषदा व व्याख्याने यांच्या द्वारे त्याने फार मोठे शिक्षणकार्य केले, यात शंका नाही. तथापि सभासदत्वाची वाट संगणकाजवळून जात होती, आणि संगणक शहरांत होता.

नरसिंहन यांचा स्वतःचा विचार याहून दूरचा होता. भाषा म्हणजे केवळ व्याकरणाचे नियम नव्हेत. ती माणसाचे वर्तन आहे, लहान मूल ती भोवतालच्या व्यवहारात शिकते, या भूमिकेवरून भाषाव्यवहाराच्या प्रतिमानांविषयी त्यांनी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. ही भूमिका मान्य केली तर भाषेचा अभ्यासक आपोआपच बोलणाऱ्याच्या दाराशी जातो. त्यांच्या मंडळाची शाखा तेथवर गेली नाही.

जपानने १९८२ मध्ये पाचव्या पिढीच्या संगणकाची योजना हाती घेतली, तेव्हा जगभर जी धावपळ उडाली तिचा एक परिणाम म्हणजे भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ च्या सुमारास सुरू केलेला ज्ञानाधिष्ठित संगणकप्रणालींचा प्रकल्प. टाटा संस्था, मुंबईचेच नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, बंगलोरची विज्ञान संस्था, मद्रासची आय. आय. टी. व कलकत्त्याची सांख्यिकी संस्था ही त्याची केंद्रे होती. टाटा संस्थेत पी. व्ही. एस. राव व त्यांचे सहकारी उच्चारित ध्वनी यंत्रास ओळखता यावेत म्हणून झटत होते. ११ ते १३ डिसेंबर १९८९ या दिवसांत मुंबईत या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली व तिचे निबंध एस. रमणी प्रभृतींच्या संपादकत्वाखाली जर्मनीच्या स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने १९९० मध्ये काढले. विद्वन्मंडळाची जवळजवळ सारी कामे या प्रकल्पाने केली. फक्त त्याचे 'सभासद' व्यक्ती नसून संस्था होत्या. सरकारी अनुदानावर उभ्या राहिलेल्या विद्येला वर्गणीदारांची गरज भासत नाही, आणि वर्गणीदार नसले म्हणजे बाहेरून प्रश्न विचारणाराही कोणी उरत नाही. हा दोष त्या काळी फारसा कोणाच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

भाषेच्या अभ्यासकांनी पुढे आपली चूल वेगळी मांडली. नैसर्गिक भाषासंस्करणाच्या भारतीय संघटनेच्या आश्रयाने भरणाऱ्या परिषदांपैकी विसावी डिसेंबर २०२३ मध्ये गोवा विद्यापीठात झाली. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदीबरोबर मराठीचेही शब्दजाल तयार झाले. तेच भट्टाचार्य २०१६ मध्ये संगणकीय भाषाविज्ञानाच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष होते. मराठीला अशा रीतीने जागा मिळाली. कोकणीलाही मिळाली, आणि त्यात १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा झालेला समावेश उपयोगी पडला. संथाली व बोडो २००३ मध्ये अनुसूचीत आल्या. शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'भाषिणी' योजनेचा भर अनुसूचीतील बावीस भाषांवर राहिला. यंत्राच्या दरबारात भाषांचे सभासदत्व कोण ठरवितो, याचे उत्तर विद्वन्मंडळांच्या घटनेत शोधू नये. ते अनुसूचीत आहे.

भिली त्या अनुसूचीत नाही. २०११ च्या जनगणनेत भिली अथवा भिलोडी या शीर्षकाखाली एक कोटी चार लाखांहून अधिक भाषक नोंदले गेले. त्या एका शीर्षकात पावरी, मावची, वसावा अशी अनेक नावे सामावलेली आहेत. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा भिल्ल भाषांचा भाग १९०७ मध्ये निघाला. खानदेशातील देहवाली, मावची, पावरी यांचे नमुने त्यात आहेत. ते जमविले सरकारी अंमलदारांमार्फत, आणि नमुना बहुधा ठरलेला : बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा. काठीच्या होळीला जमणारी माणसे आपसांत काय बोलतात, हे अशा नमुन्यावरून कळण्याजोगे नव्हते. काठी हे अक्कलकुवा तालुक्यातीलच गाव. देहवाली बोलणारे या परिसरात व सीमेपलीकडे गुजरातेतही आहेत.

या भाषेच्या दृष्टीने १ सप्टेंबर २०२५ हा दिवस महत्त्वाचा. केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे भाषांतराचे साधन प्रायोगिक रूपात खुले केले, त्यातील चार भाषांत संथाली, मुंडारी व गोंडी यांच्या जोडीस भिली आहे. दिल्लीच्या आय. आय. टी.च्या पुढाकाराने काही संस्थांनी मिळून हे काम केले. ते स्तुत्यच आहे. परंतु प्रत्येक भाषेपुढे राज्याचे नाव दिलेले असून भिलीपुढे ते मध्य प्रदेश असे आहे. झाबुआकडील भिली व सातपुड्याच्या या अंगाची देहवाली यांत अंतर आहे, हे ग्रिअर्सनच्या नमुन्यांवरूनही कळते. मोलगीच्या बाजारात आलेल्या म्हातारीस दवाखान्यातील सूचना त्या साधनाने 'भिलीत' ऐकविली, तर ती तिच्या बोलीत असेल असे नाही. आणि औषध दोनदा घ्यावयाचे की तीनदा, एवढ्यावरच पुष्कळ काही अवलंबून असते.

हे अंतर भरून काढण्यास मोठे यंत्र लागत नाही. बोललेले टिपून घेणारा, ते देवनागरीत उतरविणारा व उतरविलेले चुकले असल्यास सांगणारा, अशी माणसे लागतात. ती आश्रमशाळांतून शिकवीत आहेत, महाविद्यालयांतून शिकत आहेत. अरुण जाखडे यांनी संपादिलेला भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये निघाला, तो अशाच प्रकारच्या स्थानिक लेखकांच्या बळावर. यंत्रबुद्धीच्या कामात अशा माणसास सध्या जे स्थान मिळते ते सामग्री पुरविणाऱ्याचे. त्याचा मोबदला वाक्यांच्या संख्येवर ठरतो आणि निबंधाच्या शिरोभागी त्याचे नाव येत नाही. धुळ्याच्या मंडळात दप्तर आणून देणारा सभासद होऊ शकत होता.